वळलेल्या दर्शनी भिंतीचे पॅनेल-मॉडेल: कामाच्या नोंदी

काम: आठ मजली इमारतीची काचेची दर्शनी भिंत, म्हणजे कर्टन वॉल. मजल्याची उंची ३ मीटर, एकूण २४ मीटर. मॉडेल रेव्हिट या इमारतीच्या सॉफ्टवेअरमध्ये, बिंदूंचे गणित त्याच्या जोडीच्या डायनॅमो या स्क्रिप्ट-साधनात, पृष्ठाची तपासणी राइनो या त्रिमिती सॉफ्टवेअरमध्ये. शेवटी कारखान्याला द्यायचे ते एवढेच: प्रत्येक पॅनेलचा क्रमांक, माप आणि पीळ. चौकोनी पॅनेलचे चार कोपरे एका प्रतलात नसले की जो फरक उरतो त्याला या नोंदींत पीळ म्हटले आहे.

६ जानेवारी

डिझाइनची राइनो फाइल आली. मॉडेल सर्व्हेच्या निर्देशांकांवर, म्हणजे आरंभबिंदूपासून फार लांब बसलेले. रेव्हिटमध्ये अंतर्गत आरंभबिंदूपासून १६ किलोमीटरच्या पलीकडे भूमिती नेली की रेषा तुटक दिसतात आणि मापे घसरतात. म्हणून राइनोमध्येच सरळ भिंतीचा तळकोपरा शून्यावर आणला. किती सरकवले ते आकडे लिहून ठेवले. खरे स्थान रेव्हिटमध्ये शेअर्ड कोऑर्डिनेट्सने परत मिळेल.

एकसंध दिसणारे पृष्ठ सुटे केल्यावर ७ तुकडे निघाले. त्यांतले ३ ट्रिम केलेले. ट्रिम केलेले पृष्ठ डोळ्याला कापलेले दिसते, पण त्याची यूव्ही जाळी (पृष्ठावरच्या दोन दिशांच्या रेषांची) मूळ न कापलेल्या पृष्ठावरच पसरलेली असते. तसेच आयात केले तर विभागणी भलतीकडून सुरू होते आणि कडेला चिरोट्या उरतात. राइनोमधली श्रिंक ट्रिम्ड सरफेस ही आज्ञा आधी चालवली, मग आयात.

दोन ठिकाणी अर्ध्या मिमीचे कडेचे तुकडे सापडले. रेव्हिट ०.८ मिमीपेक्षा लहान रेषा स्वीकारत नाही, त्यामुळे असा तुकडा पुढे कुठे तरी ‘रेषा फार लहान’ म्हणून अडतोच. काढून टाकले. फाइलचा टॉलरन्स, म्हणजे चालवून घेतला जाणारा फरक, ०.१ मिमी होता, तो ०.००१ केला, मात्र टॉलरन्स बदलल्याने जुन्या कडा आपोआप सुधारत नाहीत, त्या नव्याने जोडाव्या लागल्या.

८ जानेवारी

पृष्ठाचे तीन भाग पाडले. नावे साधीच ठेवली.

पिळाची भिंत: ३६ मीटर लांब, २४ मीटर उंच. तळकड सरळ. वरची कडही सरळ, पण तिचे दूरचे टोक ४.८ मीटर आत झुकलेले. चारही कडा सरळ आणि आतले पृष्ठ दोन्ही दिशांनी सरळ रेषांनी भरलेले, म्हणजे हा हायपार (हायपरबोलिक पॅराबोलॉइड). सूत्र एका ओळीचे: वाय = एक्स × झेड ÷ १८०. एक्स लांबी, झेड उंची, वाय आतला झुकाव, सगळे मीटरमध्ये. (३६ × २४ ÷ १८० = ४.८.) आलेले पृष्ठ या सूत्राशी ताडले तर फरक मिमीच्याही आत. म्हणजे यापुढे आयात केलेल्या पृष्ठाची गरजच नाही, बिंदू थेट सूत्रातून काढता येतील.

गोल कोपरा: ९० अंशांचा. तळाशी त्रिज्या १२ मीटर, वर जाताना आत वळत ४ मीटर. उभ्या वळणाची त्रिज्या ४० मीटर.

जोडपट्टी: या दोहोंमधली अरुंद फट. तळाशी २.४ मीटर रुंद. खरे अनियमित काम इथेच आहे.

९ जानेवारी

रेव्हिटची तयार साधने तपासली.

नेहमीची कर्टन वॉल: प्लॅनमध्ये कंस काढता येतो, पण उभ्या ग्रिडरेषा घालेपर्यंत दोन टोकांमध्ये एकच सपाट पॅनेल दिसते; ग्रिड घातल्यावर कंसाच्या जीवा, म्हणजे कंसावरचे दोन बिंदू जोडणारे सरळ तुकडे, होतात. दोन दिशांनी वळलेल्या पृष्ठासाठी हे साधन नाहीच.

मासच्या (ढोबळ घनाकाराच्या) फेसवर कर्टन सिस्टिम: जाळी लवकर बसते. अडचण अशी की पॅनेलचे कोपरे नेमके कुठे आहेत यावर आपला ताबा राहत नाही, आणि एखाद्या मजल्यावर दोन खण एकत्र करायचे तर झगडावे लागते.

डिव्हाइडेड सरफेस (खणांत विभागलेले पृष्ठ) आणि पॅटर्नवर बसणारी पॅनेल फॅमिली (फॅमिली म्हणजे रेव्हिटमधला घटकाचा साचा): तिन्हींत सर्वांत कामाचे. लेव्हल आणि रेफरन्स प्लेनशी छेद घेऊन ग्रिड पाडता येते, कडेच्या अपुऱ्या पॅनेलना अर्धे ठेवणे, काढणे किंवा बाहेर लोंबू देणे असे तीन पर्याय मिळतात. पण जाळीचा प्रत्येक बिंदू पृष्ठावरच असतो. पुढे काही बिंदू मुद्दाम पृष्ठाबाहेर घ्यावे लागतील असे दिसते.

निर्णय: तिन्ही भागांसाठी अ‍ॅडॅप्टिव्ह कंपोनंट, म्हणजे दिलेल्या बिंदूंवर ताणून बसणारा घटक. बिंदू डायनॅमोतून. डिव्हाइडेड सरफेस फक्त डोळ्याने ताडण्यासाठी.

१३ जानेवारी

सुरुवातीची विभागणी: पिळाच्या भिंतीवर १.५ मीटरचे २४ खण, ३ मीटरच्या ८ ओळी, एकूण १९२ पॅनेल. काच सपाट बनवून जागेवर दाबून बसवायची, म्हणजे कोल्ड बेंडिंग. तपशीलपत्रात लिहिले आहे, ‘पॅनेलचा पीळ कमाल १५ मिमी’. पीळ कसा मोजायचा ते लिहिलेले नाही.

एकाच पॅनेलचा पीळ तीन प्रकारे सांगितला जातो:

चौथा कोपरा: तीन कोपऱ्यांतून प्रतल काढायचे आणि चौथा त्यापासून किती दूर ते मोजायचे.
कर्णांतर: दोन कर्ण एकमेकांना न छेदता जिथे सर्वांत जवळून जातात तिथले अंतर.
जुळवलेले प्रतल: चारही कोपऱ्यांना सर्वांत जवळचे प्रतल घ्यायचे आणि प्रत्येक कोपऱ्याचा फरक मोजायचा.

समांतरभुज चौकोनाच्या जवळपास असलेल्या पॅनेलमध्ये या तीन आकड्यांचे गुणोत्तर ४ : २ : १ असते. पडताळा सोपा आहे. चार कोपरे आळीपाळीने मधल्या प्रतलाच्या ‘अ’ वर आणि ‘अ’ खाली धरा. जुळवलेल्या प्रतलापासूनचा फरक अ. एक कर्ण अ वर, दुसरा अ खाली, म्हणून कर्णांतर २अ. तीन कोपऱ्यांचे प्रतल चौथ्या कोपऱ्याच्या जागी ३अ वर पोचते, कोपरा मात्र अ खाली, म्हणून ४अ.

आपल्या भिंतीवर चौथ्या कोपऱ्याचा पीळ म्हणजे रुंदी × उंची ÷ १८०. १.५ × ३ ÷ १८० = २५ मिमी. हा वाय दिशेतला आकडा. काचेला लंब मोजला तर दूरच्या वरच्या टोकाला २४.३ होतो, फारसा फरक नाही. हायपारची सोय अशी की सारख्या मापाच्या सगळ्या पॅनेलना जवळजवळ सारखाच पीळ येतो, आणि तोही एकाच दिशेचा.

म्हणजे चौथ्या कोपऱ्याने २५, कर्णांतराने १२.५, जुळवलेल्या प्रतलाने ६.२५. पहिल्या पद्धतीत सगळी भिंत नापास, उरलेल्या दोन्हींत सगळी पास. डायनॅमोत बेस्ट फिट प्लेनचा नोड हाताशी असतो म्हणून बहुतेक जण तोच वापरतात आणि सर्वांत लहान आकडा घेऊन निश्चिंत होतात. काच पुरवठादाराला लेखी प्रश्न पाठवला, सोबत तिन्ही मोजमापांचे रेखाचित्र.

१४ जानेवारी

उत्तर: चौथा कोपरा. १५ मिमी पक्के. १.५ × ३ बाद.

१५ जानेवारी

पर्याय मांडले.

त्रिकोण: १९२ चे ३८४ पॅनेल, पीळ शून्य, पण एका जोडाबिंदूवर चारऐवजी सहा कडा येतात आणि तिरक्या मुलियनची (चौकटीच्या दांड्यांची) लांबी वाढते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या ग्रेट कोर्टच्या छतात ३,३१२ त्रिकोणी काचा आहेत. तिथे पृष्ठच असे आहे की त्रिकोणाशिवाय इलाज नव्हता. हायपारसाठी एवढे करायची गरज नाही.

सपाट पॅनेल आणि पायऱ्या: प्रत्येक काच सपाट ठेवून २५ मिमीचा फरक फ्रेममध्ये गिळायचा. दर सांध्याला खोली बदलते, गॅस्केटचे (काचेच्या कडेच्या रबरी पट्टीचे) प्रोफाइल वाढतात.

लहान पॅनेल: मजल्याच्या ३ मीटरमध्ये तसेही स्लॅब झाकायला स्पँड्रेल हवा. २.१ मीटर पारदर्शक आणि ०.९ मीटर स्पँड्रेल असे तोडले तर १.५ × २.१ ÷ १८० = १७.५ मिमी. अजून जास्तच. खण १.२ मीटरचा केला तर १.२ × २.१ ÷ १८० = १४ मिमी, आणि स्पँड्रेलला ६ मिमी.

हाच घेतला. ३० खण × ८ मजले × २ = ४८० पॅनेल. १५ च्या मर्यादेत १ मिमीच शिल्लक आहे, हे उघड लिहून ठेवले. रचनेत पुढे झुकाव वाढवायचा असेल तर खणाची रुंदी पुन्हा मोजावी लागेल. ४.८ मीटरचा झुकाव ५.२ केला तरी पीळ १५.२ वर जातो.

२० जानेवारी

गोल कोपरा. आलेले पृष्ठ तीन कंसांवर लॉफ्ट केलेले, म्हणजे कंसांमधून ताणून बनवलेले होते. दिसायला फिरवून बनवल्यासारखे, पण नेमके तसे नाही. खऱ्या परिभ्रमण-पृष्ठापासून ठिकठिकाणी ९ मिमीपर्यंत फरक. हे ९ मिमी कोणाला दिसणार नाहीत, पॅनेलना मात्र भोवतात. परिभ्रमणाने तयार झालेल्या पृष्ठावर उभ्या आणि आडव्या रेषांनी चौकोन पाडले की प्रत्येक चौकोन समलंब आणि पूर्ण सपाट येतो, शिवाय एका ओळीतले सगळे सारखे. लॉफ्टवर यातले काहीच मिळत नाही. मान्यता घेऊन पृष्ठ बदलले.

ओळी कंसाच्या समान लांबीने पाडल्या तर मजल्यांशी जुळत नाहीत. म्हणून ग्रिड लेव्हलवर. त्रिज्या = √(१६०० − झेड²) − २८. आडवी विभागणी ७.५ अंशांची, १२ खण; जीवा = त्रिज्या × ०.१३०८.

झेड ० : त्रिज्या १२.०००, रुंदी १.५७०
झेड ६ : ११.५४७, १.५१०
झेड १२ : १०.१५८, १.३२९
झेड १८ : ७.७२१, १.०१०
झेड २१ : ६.०४४, ०.७९१
झेड २४ : ४.०००, ०.५२३

आठव्या मजल्यावर पॅनेल खाली ७९ सेंमी, वर ५२ सेंमी रुंद आणि तिरकी उंची ३.६३ मीटर. पट्ट्यांची रांगच. त्या एका मजल्यावर दोन-दोन खण एकत्र केले: १५ अंशांचे ६ खण, रुंदी खाली १.५७८ आणि वर १.०४४. तळमजल्याच्या रुंदीशीही जुळते.

२१ जानेवारी

कालच्या एकत्रीकरणाने एक फट तयार झाली. सातव्या मजल्याची वरची कड प्रत्येक ७.५ अंशांवर मोडते. आठव्याची खालची कड १५ अंशांची एकच सरळ जीवा. मधल्या बिंदूवर खालची ओळ ६.०४४ मीटर त्रिज्येवर, वरची ६.०४४ × कोसाइन ७.५° = ५.९९२ वर. ५२ मिमीचा त्रिकोणी ओटा, सहा ठिकाणी, आणि त्याच्यावर ३४ अंशांनी आत कललेल्या काचेवरून ओघळणारे पाणी. रेंडरमध्ये हा ओटा दिसतच नाही.

उपाय: लेव्हल २१ च्या (इथे आणि पुढे लेव्हलचा आकडा म्हणजे मीटरमधली उंची, मजला नव्हे) ट्रान्समवर, म्हणजे आडव्या दांड्यावर, त्रिकोणी अ‍ॅल्युमिनियम ट्रे, बाहेर उताराचा, मागची बाजू वरच्या काचेच्या गॅस्केटमागे चढवलेली. ६ नग. वेगळी तीन बिंदूंची फॅमिली.

स्पँड्रेलची रेषा कोपऱ्यातही २.१ मीटरवरच हवी. ती पृष्ठावर घेतली, तर तिथेही काच मोडेल आणि मजल्यागणिक दोन मोड येतील. म्हणून तो बिंदू कंसावर घेतला नाही, खालच्या आणि वरच्या लेव्हलच्या बिंदूंना जोडणाऱ्या जीवेवर घेतला. पारदर्शक काच आणि स्पँड्रेल एकाच प्रतलात राहतात; मोड फक्त लेव्हलवर, ४.३ ते ५.१ अंशांचा. डिव्हाइडेड सरफेसने हे झाले नसते. एकूण पॅनेल ७ × १२ × २ + ६ × २ = १८०, प्रकार फक्त १६.

स्लॅबच्या चमूला कळवले: काच कंसावर नाही, जीवेवर आहे. तळाशी खणाच्या मध्यावर ती डिझाइनच्या कंसापेक्षा २६ मिमी आत येते, आठव्या मजल्याच्या तळाशी ५२ मिमी. स्लॅबची कड कंसाला समांतर ठेवून ब्रॅकेटची जागा मोजली, तर नेमकी खणाच्या मध्यावर ती कमी पडेल.

२३ जानेवारी

फॅमिली. सपाट आणि पिळाची, दोन वेगळ्या. एकाच फॅमिलीत दोन्ही करायचा मोह होतो, नको. सपाट पॅनेलमध्ये पीळ चुकून शिरला तर पिळाची फॅमिली तो निमूट सामावून घेते आणि चूक लपते.

सपाट फॅमिली: जेनेरिक मॉडेल अ‍ॅडॅप्टिव्ह टेम्पलेट, ४ अ‍ॅडॅप्टिव्ह बिंदू. घन काढण्याचे प्रतल पहिल्या तीन बिंदूंवरून. चौथा बिंदू त्या प्रतलाबाहेर गेला तर काचेची कड त्याला सोडून जाते आणि फट उघडी दिसते. हेच हवे आहे.

पिळाची फॅमिली: चार वाकड्या बिंदूंच्या वेटोळ्यातून पृष्ठ मिळते, जाडी मिळत नाही. म्हणून डाव्या उभ्या कडेवर पातळ आयत, उजव्या कडेवर तसाच आयत आणि दोहोंमध्ये क्रिएट फॉर्म. आयताची जाडी काचेच्या एकूण जाडीशी पॅरामीटरने बांधली. आयतांचे ऑफसेट बिंदू कोणत्या प्रतलावर आहेत हे एकेक तपासावे लागते. एकाचेही प्रतल चुकले तर पॅनेल तिळाच्या चिक्कीसारखे वाकडे होते आणि चूक कुठे आहे ते शोधण्यात दुपार जाते.

बिंदूंचा क्रम, तिन्ही भागांसाठी एकच: बाहेरून पाहताना खालचा डावा १, मग घड्याळाच्या उलट दिशेने २, ३, ४. क्रम उलटला की काचेची बाहेरची बाजू आत जाते. कोटिंगची बाजू त्यावरच ठरत असल्याने ही नुसती दिसण्याची बाब नाही.

प्रत्येक कडेची आणि कर्णाची लांबी रिपोर्टिंग पॅरामीटर (मॉडेलमधून आपोआप मोजला जाणारा आकडा) म्हणून, शेअर्ड प्रकारात, म्हणजे शेड्यूलमध्ये, घटकांच्या तक्त्यात, येईल. पीळ फॅमिलीतून काढायचा प्रयत्न सोडला. तो डायनॅमोत काढून पॅरामीटरमध्ये लिहायचा.

२७ जानेवारी

डायनॅमोची पहिली धाव. पिळाच्या भिंतीसाठी ३१ × १७ बिंदू (८ मजल्यांच्या १६ पट्ट्या, म्हणून १७ आडव्या रेषा). यादीची रचना: आधी आडवी ओळ, तिच्यात बिंदू. चौकडी बनवताना ओळ ‘आय’ मधले जे, जे+१ आणि ओळ ‘आय+१’ मधले जे+१, जे, याच क्रमाने. अ‍ॅडॅप्टिव्ह कंपोनंट बाय पॉइंट्स या नोडला यादीतल्या याद्या द्याव्या लागतात; सगळे बिंदू एका सपाट यादीत ओतले तर नोड अडतो.

एकक: डायनॅमोतले नोड प्रकल्पाच्या दाखवण्याच्या एककात चालतात, पण पायथन नोडमधून थेट रेव्हिटचे एपीआय (रेव्हिटला कोडमधून आज्ञा देण्याची सोय) वापरले की सगळे फुटांत. त्यामुळे पीळ लिहिणाऱ्या नोडमध्ये पहिल्यांदा १४ ऐवजी ४,२६७ आले. १४ × ३०४.८, लगेच ओळखू येते.

गोल कोपऱ्यात शेवटच्या ओळीची चौकडी वेगळी काढावी लागते, कारण खण निम्मे. ती सामान्य सूत्रात ‘जर-तर’ घालून कोंबण्यापेक्षा वेगळी फाइल बरी.

कोपऱ्यातल्या सर्व १८० पॅनेलचा पीळ छापून पाहिला: सगळे शून्य, दशांशाच्या सहाव्या स्थानापर्यंत. कालपर्यंतच्या भूमितीवर हा पहिला खरा शिक्का.

२८ जानेवारी

शेड्यूलमध्ये ४८० ऐवजी ९६० पॅनेल. डायनॅमो आपण ठेवलेले घटक लक्षात ठेवतो आणि पुढच्या धावेत तेच हलवतो. पण स्क्रिप्टची प्रत वेगळ्या नावाने जतन करून दुसऱ्या संगणकावर चालवली की ही ओळख तुटते आणि पहिल्या संचावर दुसरा संच बसतो. दोन्ही अगदी एकाच जागी, म्हणून चित्रात काहीच कळत नाही. नियम: एकच स्क्रिप्ट, एकच संगणक, प्रत्येक धावेनंतर आधी मोजणी, मग बाकीचे.

३० जानेवारी

जोडपट्टी. डावी कड पिळाच्या भिंतीची शेवटची सरळ रेषा, उजवी कड गोल कोपऱ्याची पहिली उभी रेषा (जीवांची, कंसाची नाही, नाहीतर शेजारच्या मुलियनला दोन जागा मिळतात). रुंदी: तळाशी २.४०, लेव्हल ९ वर २.५२, लेव्हल १५ वर पुन्हा २.४०, लेव्हल २१ वर २.९७, माथ्यावर ४.००. कारण उघड आहे: सरळ रेषा दर मीटरला सारखीच आत जाते, कोपरा आधी सावकाश आणि मग झपाट्याने. लेव्हल १५ आणि १८ च्या दरम्यान दोन्ही कडांची पुढे-मागे जागा अदलाबदल होते, पट्टीचे तोंड एका बाजूकडून दुसरीकडे वळते. तिथे चौकोनी काच बसवणे म्हणजे पिळाशी कुस्ती. त्रिकोणच.

पण त्रिकोणाचा टोकदार कोपरा कारखान्याच्या मर्यादेनुसार ३० अंशांपेक्षा लहान नको. २.१ मीटरच्या पट्टीत तळाशी तो ४१ अंश येतो, ठीक. ०.९ मीटरच्या स्पँड्रेल पट्टीत २०.६ अंश. अशी काच कापताना आणि टफन करताना (तापवून मजबूत करताना) टोक टिकत नाही. म्हणून स्पँड्रेल काचेचा नाही: कर्णावर घडी घातलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, एका नगात दोन्ही त्रिकोण. आठव्या मजल्यावर पट्टी फार रुंद होते, तिथे मध्ये एक मुलियन.

मोजणी: त्रिकोणी काचा ७ × २ + ४ = १८, घडीचे पत्रे ७ + २ = ९. तिन्ही भाग मिळून ४८० + १८० + २७ = ६८७ पॅनेल.

सर्व मजल्यांवर कर्ण एकाच दिशेने ठेवला. प्रत्येक ठिकाणी लहान कर्ण निवडला तर लेव्हल १५ च्या आसपास दिशा उलटते आणि बाहेरून ती चूक वाटते.

३ फेब्रुवारी

मुलियन. पॅनेल फॅमिलीत चारही बाजूंना फ्रेम घातली तर प्रत्येक सांध्यावर दोन मुलियन एकमेकांत घुसतात आणि अ‍ॅल्युमिनियमचे प्रमाण दुप्पट मोजले जाते. मुलियन वेगळी फॅमिली: दोन बिंदू टोकांचे, तिसरा दिशा दाखवणारा. दिशा म्हणजे शेजारच्या दोन पॅनेलच्या लंबांची दुभाजक.

पिळाच्या भिंतीवर मुलियन सरळ असतो पण पृष्ठ त्याच्याभोवती वळत जाते: एका मजल्यात ३ ÷ १८० रेडियन, म्हणजे ०.९५ अंश, संपूर्ण उंचीत ७.६ अंश. अ‍ॅल्युमिनियमचा मुलियन पिळायचा नाही. प्रत्येक मजल्याला एक तुकडा, मधल्या दिशेला बसवलेला, टोकाला अर्ध्या अंशाचा फरक गॅस्केटने घ्यायचा.

हायपारने इथे मोठी मदत केली. उभ्या कडेची लांबी फक्त एक्सवर अवलंबून, आडव्याची फक्त झेडवर. एका उभ्या रेषेवरचे आठही मुलियन सारख्या लांबीचे, एका आडव्या रेषेवरचे तीसही ट्रान्सम सारख्या लांबीचे. काचा मात्र जवळपास सगळ्या वेगळ्या: वरच्या दूरच्या कोपऱ्यात रुंदी १,२१० आणि उंची २,१४२ पर्यंत जाते, दोन कर्णांतला फरक ४९ मिमी. कटिंगची यादी त्यामुळे आटोपशीर, काचेची लांबलचक.

गोल कोपऱ्यात मुलियनवरचा कोन तळाशी ७.५ अंश, आठव्या मजल्यावर १२.४. एकाच प्रोफाइलने दोन्ही भागत नाहीत. आठव्याच्या ५ मधल्या मुलियनना वेगळे.

६ फेब्रुवारी

सांधा २० मिमी. ग्रिडच्या मापातून काचेचे माप काढताना प्रत्येक लांबीतून २० वजा करणे फक्त काटकोनात बरोबर. कड १० मिमी आत सरकली की तिची लांबी १० × (एका टोकाच्या अर्ध्या कोनाचा कोटँजंट + दुसऱ्या टोकाचा) इतकी घटते. जोडपट्टीच्या तळच्या त्रिकोणात (कोन साधारण ४१, ४९, ९०) लांब कड ४९ मिमीने, तळकड ३७ ने, उभी ३२ ने. सरसकट २० वजा केले असते तर काच फ्रेममध्ये गेलीच नसती. कारखान्याला जाणारी मापे आता काचेच्या कडेची, ग्रिडची नाहीत. शेड्यूलच्या शीर्षकातच तसे लिहिले.

७ फेब्रुवारी

शेड्यूलचे रकाने: क्रमांक, चार कडा, दोन कर्ण, पीळ. विचारणा झाली की सहा अंतरे दिल्यावर पीळ वेगळा कशाला. भूमितीने ते बरोबर आहे: चार बिंदूंमधली सहाही अंतरे ठरली की आकार ठरतो, फक्त आरशातली प्रतिमा की मूळ हे ठरत नाही. पण शेड्यूल मिमीला गोल केलेले आहे. १,२०० मिमीच्या कडेचे टोक १४ मिमी उचलले तर तिची लांबी ०.०८ मिमीने वाढते. गोल केलेल्या आकड्यांतून पीळ परत काढला तर शून्यही येईल आणि ४० ही येईल. पिळाचा रकाना कायम. सोबत टीप: कोपरा ४, बाहेरून पाहता आतल्या बाजूला, पिळाच्या भिंतीवर क्रमांक १ ची बाजू झुकाव नसलेल्या टोकाकडे.

टीप लिहिताना चिन्ह पुन्हा मोजले. बाहेरून पाहताना एक्स डावीकडून उजवीकडे वाढतो. कोपरे १ (०, ०), २ (१.२, ०), ३ (१.२, २.१), ४ (०, २.१). पहिल्या खणात तीन कोपरे वाय शून्यावर आणि क्रमांक ३ तेवढा १४ मिमी आत. १, २, ३ यांचे प्रतल घेतले तर ४ थ्या कोपऱ्याच्या जागी ते १४ मिमी आत जाते आणि कोपरा ४ त्याच्या बाहेर राहतो. म्हणजे टीप उलटी होती. दुरुस्त: कोपरा ४ बाहेरच्या बाजूला. हायपारवर चिन्ह सगळीकडे एकच असल्याने ही चूक झाली असती तर २४० च्या २४० काचा उलट्या दाबल्या गेल्या असत्या.

१० फेब्रुवारी

स्वतंत्र पडताळा. डायनॅमोचा काहीही आधार न घेता स्प्रेडशीटमध्ये सूत्रांवरून कडा आणि कर्ण काढले, रेव्हिटच्या शेड्यूलशी ओळीने वजा केले. पिळाची भिंत: कमाल फरक ०.५ मिमी, गोल करण्यातला. गोल कोपरा: तेवढाच. जोडपट्टी: तीन त्रिकोणांत २ मिमी, उजवी कड चुकून कंसावरच्या बिंदूंवर राहिली होती, २.१ मीटरच्या रेषेवर. जीवेवर आणली, फरक गेला.

सर्व ६८७ घटकांची फाइल जड झाली आहे. गॅस्केट आणि ब्रॅकेट फॅमिलीत न घालता नुसते तपशील-रेखाटनात ठेवले, पॅनेलचे वर्कसेट (मॉडेलचे स्वतंत्र उघडता येणारे गट) वेगळे केले.

कारखान्याला शेड्यूल, बिंदूंची यादी आणि पिळाच्या मोजमापाचे तेच १३ जानेवारीचे रेखाचित्र पाठवले. बाकी: लेव्हल २१ च्या ट्रेचा उतार आणि त्याच्या दोन टोकांना, जिथे शेजारचा ट्रे लागतो, तिथला सांधा.